दुभंग कणा व सेरेब्रल पाल्सी असलेल्या बालकांची शुश्रूषा

दुभंग कणा (स्पायना बायफिडा) आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात) असलेल्या बालकांची शुश्रूषा हा बालआरोग्य परिचर्येच्या अभ्यासक्रमातील एक विषय असून त्यात रुग्णालयातील परिचर्येइतकाच घरच्या दैनंदिन काळजीचा समावेश होतो. दोन्ही विकार आयुष्यभर सोबत राहतात. शस्त्रक्रिया व औषधे त्यांचे काही परिणाम सौम्य करतात. मूळ विकार नाहीसा करीत नाहीत. बालकाची मूत्रपिंडे टिकणे, वजन वाढणे, सांधे मोकळे राहणे आणि त्याचे शाळेत जाणे हे मोठ्या प्रमाणात घरी रोज काय केले जाते यावर ठरते. म्हणून या क्षेत्रातील परिचारिकेचे काम स्वतः हाताने करण्यापेक्षा आईला, आजीला आणि पुढे त्या बालकालाच शिकविण्याचे अधिक असते. प्रस्तुत लेखात ही शुश्रूषा मुख्यतः महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात वर्णिली आहे.

दोन विकारांतील फरक

दोन्ही विकार पाठ्यपुस्तकांत अनेकदा शेजारी शेजारी येत असले तरी त्यांचे मूळ वेगळे आहे. दुभंग कण्यात दोष मेरुरज्जूचा असतो. गर्भाच्या पाठीवर तयार होणारी मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. ती एखाद्या ठिकाणी बंद न झाल्यास तेथील मणक्यांच्या कमानी उघड्या राहतात. सर्वांत गंभीर प्रकारात मेरुरज्जू व त्याची आवरणे पाठीवरील पिशवीत बाहेर आलेली असतात. गावाकडे तिला ‘पाठीवरची गाठ’ किंवा ‘पाण्याचा फुगा’ म्हटले जाते. या पातळीखालचे स्नायू दुबळे राहतात, त्वचेची संवेदना कमी वा नाहीशी होते, आणि लघवी व शौचावरील नियंत्रण जवळजवळ नेहमीच बिघडते. बुद्धी बहुतेक मुलांमध्ये सर्वसाधारण असते. गणित, एकाग्रता यांसारख्या बाबतीत काहींना अडचणी येतात.

सेरेब्रल पाल्सीमध्ये कणा शाबूत असतो, दोष वाढत्या मेंदूत असतो. गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा बालपणाच्या सुरुवातीच्या काळात मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल व शरीराची ठेवण यांवर कायमचा परिणाम होतो. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतः श्वास कोंडणे, नवजात अवस्थेतील तीव्र कावीळ आणि मेंदूज्वर ही त्याची परिचित कारणे आहेत. मेंदूची इजा वाढत नाही, मात्र तिचे शरीरावरचे परिणाम वाढत्या वयाबरोबर बदलतात. ‘हा आजार वाढत नाही’ एवढेच ऐकून घरी गेलेल्या पालकांना चार वर्षांनी मुलाचे खुबे निसटलेले आढळतात, तेव्हा त्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटते. म्हणून या वाक्याचा दुसरा अर्धा भागही सांगणे हे शुश्रूषेतच मोडते.

लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये कठीण प्रसूती व मुलांच्या अंगातील ताठरता यांचा संबंध मांडला, म्हणून हा विकार बराच काळ ‘लिटलचा रोग’ या नावाने ओळखला जात होता. आज बालकाच्या हालचालीची क्षमता पाच पातळ्यांच्या वर्गीकरणाने नोंदविली जाते. १९९७ मध्ये कॅनडात प्रसिद्ध झालेल्या या वर्गीकरणात पहिल्या पातळीचे बालक आधाराविना चालते, तर पाचव्या पातळीच्या बालकाला मान सावरण्यासाठीही मदत लागते.

दुभंग कणा : पहिले दिवस

पाठीवर उघडी पिशवी घेऊन जन्मलेल्या बालकाची पहिली शुश्रूषा प्रसूतिगृहातच सुरू होते. बालकाला पालथे ठेवतात, कारण पाठीवर निजविल्यास पिशवी फुटण्याचा धोका असतो. पिशवीवर निर्जंतुक सलाईनमध्ये भिजविलेले, न चिकटणारे आच्छादन ठेवून ते सतत ओलसर राखले जाते. कोरडे पडल्यास ते पिशवीला चिकटते व काढताना नाजूक ऊतक फाटते. हळद, तेल, राख, पावडर यांपैकी काहीही लावू नये. शौचाचा संपर्क पिशवीला होऊ नये यासाठी तिच्या खालच्या बाजूस प्लास्टिकचा पडदा चिकटवितात आणि डायपर बांधत नाहीत. ओल्या आच्छादनामुळे अंग लवकर थंड पडते, म्हणून ऊब राखणे आवश्यक असते. पिशवी बंद करण्याची शस्त्रक्रिया जन्मानंतर शक्यतो ४८ ते ७२ तासांच्या आत केली जाते. या अवधीत बालकाला योग्य केंद्रात पोचवायचे असते. त्यामुळे ग्रामीण रुग्णालयातील परिचारिकेने रुग्णवाहिकेत बालक पालथे किंवा कुशीवर राहील याची व्यवस्था करणे आणि सोबतच्या नातेवाइकास आच्छादन ओले का ठेवायचे हे सांगणे फार मोलाचे ठरते.

या मुलांमध्ये रबरात असणाऱ्या लॅटेक्सची तीव्र अॅलर्जी होण्याचे प्रमाण मोठे आहे. वारंवार शस्त्रक्रिया व नळ्यांचा संपर्क हे त्यामागील कारण होय. म्हणून पहिल्या दिवसापासून लॅटेक्सरहित हातमोजे वापरतात, लाल रबरी कॅथेटर टाळतात आणि पालकांना फुग्यांविषयीही सावध करतात. वाढदिवसाच्या फुग्यांमुळे मूल अत्यवस्थ होऊ शकते, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही.

डोक्यात पाणी साचणे व शंट

दुभंग कण्याच्या गंभीर प्रकारात बहुसंख्य बालकांच्या मेंदूतील पोकळ्यांमध्ये द्रव साचतो. त्यास जलशीर्ष म्हणतात. पाठीवरील पिशवी बंद केल्यानंतर तो अधिक स्पष्ट होतो, म्हणून रोज एकाच ठिकाणी फीत लावून डोक्याचा घेर मोजणे व नोंदविणे ही परिचारिकेची ठरलेली जबाबदारी असते. टाळू फुगलेली व ताणलेली वाटणे, उलट्या, तीव्र स्वरातले रडणे, डोळ्यांची बुबुळे खाली वळलेली दिसणे ही दाब वाढल्याची लक्षणे होत.

साचलेला द्रव पोटात उतरविण्यासाठी त्वचेखालून जी बारीक नळी बसवितात, तिला शंट म्हणतात. तिच्या झडपेच्या इतिहासात एका बापाची धडपड आहे. अमेरिकेतील जॉन होल्टर या यंत्रकारागिराच्या मुलाला दुभंग कणा व जलशीर्ष होते. होल्टर यांनी १९५६ च्या सुमारास शल्यचिकित्सक यूजीन स्पिट्झ यांच्यासह सिलिकॉनची झडप तयार केली आणि तिच्या आधारे पुढील काळात असंख्य मुले जगली.

शंट बसविलेले मूल घरी पाठविताना पालकांना एक गोष्ट पक्की सांगावी लागते : शंट केव्हाही बंद पडू शकतो. डोकेदुखी, वारंवार उलट्या, अकारण सुस्ती, नव्याने सुरू झालेली आकडी किंवा तिरळेपणा दिसल्यास ते पित्त किंवा दृष्ट समजून दोन दिवस थांबणे जिवावर बेतू शकते. मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय कोणत्या शहरात आहे, तेथे कोणत्या गाडीने जायचे, पैसे कोणाकडून घ्यायचे, हे घरी जाण्यापूर्वीच ठरवून ठेवण्याचा सल्ला अनुभवी परिचारिका देतात. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या, १७,०४८ चौरस किलोमीटरच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हा सल्ला औपचारिक राहत नाही. अकोले तालुक्यातील डोंगरवाडी आणि जामखेडचे टोक यांना मोठ्या रुग्णालयाच्या वाटा अगदी वेगवेगळ्या दिशांना आहेत.

लघवी व शौचाची व्यवस्था

शुश्रूषेचा हा भाग सर्वांत कमी बोलला जातो आणि बालकाचे आयुष्य सर्वांत अधिक ठरवितो. मज्जातंतूंचे नियंत्रण नसल्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही; आत दाब वाढून लघवी उलट मूत्रपिंडांकडे जाते आणि काही वर्षांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हे सर्व बाहेरून दिसत नाही. बाहेरून दिसते ते केवळ सतत ओले राहणे, आणि लोक त्यालाच आजार समजतात.

यावरील उपाय म्हणजे दर तीन ते चार तासांनी बारीक नळी घालून मूत्राशय रिकामे करणे. मिशिगन विद्यापीठाचे जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की यासाठी शस्त्रक्रियागृहासारखे निर्जंतुक वातावरण लागत नाही, स्वच्छ हात व स्वच्छ नळी पुरते. मूत्राशय वेळेवर रिकामे होणे हे जंतूंचा पूर्ण अभाव असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे, या साध्या निष्कर्षाने ही क्रिया रुग्णालयातून घरात आली. भारतात लहान मुलांसाठी बहुधा बाळाला दूध देण्याची प्लास्टिकची बारीक नळीच वापरतात. ती स्वस्त असते व तालुक्याच्या औषध दुकानात मिळते.

आईला शिकविण्याची पद्धत अशी : प्रथम परिचारिका करून दाखविते, मग आई परिचारिकेसमोर करते, आणि सलग काही वेळा न अडखळता केल्यावरच बालकाला घरी सोडले जाते. साबणाने हात धुणे, मूत्रमार्गाचे तोंड पुढून मागे पुसणे, नळीला वंगण लावणे, जोर न करता ती आत सरकविणे, प्रवाह थांबल्यावर हळूहळू बाहेर काढणे, वापरलेली नळी साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुऊन वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवणे, हे टप्पे क्रमाने शिकवितात. मुलींच्या बाबतीत मूत्रमार्गाचे तोंड ओळखण्यासाठी सुरुवातीस आरसा उपयोगी पडतो. सहा-सात वर्षांचे मूल ही क्रिया स्वतः शिकू लागते. ताप, गढूळ व दुर्गंधीयुक्त लघवी किंवा रक्त दिसल्यास डॉक्टरांकडे नेणे, आणि लक्षणे नसली तरी ठरलेल्या वेळी मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घेणे आवश्यक असते.

शौचासाठी जेवणानंतर रोज ठरलेल्या वेळी १५ ते २० मिनिटे पाय टेकतील अशा रीतीने बसवितात, कारण जेवणानंतर आतड्यांची हालचाल नैसर्गिकरीत्या वाढते. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी यांनी मदत होते. न झाल्यास वैद्यकीय सल्ल्याने एनिमा देतात. बद्धकोष्ठतेमुळे शंटच्या पोटातील टोकाचे कार्यही बिघडू शकते. त्यामुळे हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

न दुखणारी जखम

दुभंग कण्याच्या मुलाला पायाला चटका बसला तरी कळत नाही. उन्हाने तापलेली फरशी, मोटारसायकलचा सायलेन्सर, चुलीजवळची राख, आंघोळीचे कढत पाणी यांनी झालेल्या भाजण्याच्या जखमा पालकांना मोजा काढल्यावर दिसतात. रोज रात्री आरशाच्या साहाय्याने तळवे, टाचा, गुडघे, बैठकीचा भाग पाहण्याची सवय लावणे, रांगणाऱ्या मुलाला जाड विजार घालणे, आंघोळीचे पाणी आधी मोठ्याच्या कोपराने तपासणे आणि चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलाला दर १५ ते २० मिनिटांनी हातांवर जोर देऊन बैठक उचलण्यास शिकविणे हे प्रतिबंधाचे मार्ग आहेत. या मुलांची हाडे ठिसूळ असतात. एखादा पाय अचानक सुजून गरम झाला आणि मूल मात्र रडत नसेल, तर तो जंतुसंसर्ग नसून अस्थिभंग असू शकतो.

सेरेब्रल पाल्सी : प्रथम कोणाच्या लक्षात येते

महाराष्ट्रात बाळाला काही महिने तेल लावून न्हाऊ घालण्याची रीत आहे, आणि न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या किंवा आजीच्या हाताला अंगातील ताठरता डॉक्टरांच्याही आधी जाणवते. ‘बाळ अंग फार ताठ करते’, ‘पाय कैचीसारखे होतात’, ‘मूठ उघडत नाही’ अशा तक्रारी परिचारिकेने हसून सोडून द्यायच्या नसतात. तीन महिन्यांनंतरही अंगठा तळव्यात मिटलेला राहणे, चौथ्या-पाचव्या महिन्यात मान न धरणे, वर्षाच्या आत एकाच हाताने सर्व काही करणे ही पाहण्याजोगी चिन्हे आहेत. वर्षाआधी ठरलेला ‘डावखुरेपणा’ हा बहुधा दुसऱ्या हाताच्या दुबळेपणाचा पुरावा असतो.

मालीश स्वतः अपायकारक नाही. हळुवार मालीश बाळाला सुखावते. परंतु झटक्याने हात-पाय ताणणे, एकमेकांवर आवळून दुमडणे यांनी ताठरता वाढते आणि नाजूक हाडांना इजा होऊ शकते. रीत मोडण्याऐवजी तिचा वेग बदलण्यास सांगितले, तर घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया ते सहज मान्य करतात.

उचलणे, बसविणे, निजविणे

पाय कैचीसारखे होणाऱ्या मुलाला कडेवर घेण्याची आपली पद्धत उपकारक आहे, कारण त्यात दोन्ही मांड्या फाकलेल्या राहतात. याउलट अशा मुलाला दोन्ही हातांवर आडवे घेतल्यास तो मागे कमान टाकतो. उचलण्यापूर्वी त्याला कुशीवर वळवून, गुडघे व खुबे दुमडून घेतल्यास ताठरता सैल होते. झोळीत निजविल्याने मागे कमान टाकणारे मूल शांत होते, पण तासन्‌तास झोळीत राहिल्यास त्याला मान उचलण्याची वा हात वापरण्याची संधी मिळत नाही.

बसविण्यासाठी महागडी खुर्ची मिळेपर्यंत खोलीचा कोपरा उपयोगी पडतो : दोन भिंतींच्या कोनात पाठ टेकविल्याने खांदे पुढे येतात आणि हात मध्यभागी खेळण्यापर्यंत पोचतात. गुंडाळलेली गोधडी मांड्यांमध्ये ठेवल्यास पाय जुळत नाहीत. दिवसभरात ठेवण वारंवार बदलणे हेच यातील मुख्य सूत्र होय. उत्तम ठेवणही दोन तास तशीच राहिली तर ती उत्तम राहत नाही. उभे राहण्याची चौकट, पायांचे कॅलिपर, पट्ट्या यांचा उपयोग भौतिकोपचारतज्ज्ञ ठरवितात. त्या पट्ट्यांखाली त्वचा लाल होते का हे पाहण्याचे काम घरच्यांना शिकवावे लागते. चालू न शकणाऱ्या मुलांच्या खुब्यांचा क्ष-किरण तपास ठरावीक अंतराने करावा, कारण खुबा निसटण्यास सुरुवात होताना वेदना नसते.

अन्न भरविणे

सेरेब्रल पाल्सीच्या तीव्र प्रकारात बालकाला जिवाचा धोका बहुधा आकडीपेक्षा घासाचा असतो. गिळण्याची क्रिया विस्कळीत असल्याने अन्न व दूध श्वासनलिकेत जाते आणि वारंवार न्यूमोनिया होतो. पायांवर आडवे घेऊन बोंडल्याने दूध ओतण्याची जुनी पद्धत या मुलांसाठी विशेष धोक्याची आहे. डोके मागे पडलेले असताना श्वासमार्ग उघडा राहतो आणि गिळण्यावर ताबा राहत नाही.

योग्य पद्धतीत मूल शक्य तितके सरळ बसलेले, मान मध्यभागी व हनुवटी किंचित खाली असते. भरविणाऱ्याने समोर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. चमचा वरून न आणता समोरून जिभेवर सपाट ठेवावा आणि ओठ मिटण्याची वाट पाहावी. पातळ पाणी व दूध यांपेक्षा दाटसर पदार्थ गिळण्यास सोपे जातात : खिमट, नाचणीचे सत्त्व, मऊ वरणभात, कुस्करलेले उकडलेले बटाटे. घासाचा आकार वाढविता येत नसेल तर तूप, तेल, दाण्याचे बारीक कूट घालून त्यातील ऊर्जा वाढविता येते. जेवताना खोकला, डोळ्यांत पाणी, घशात घरघर किंवा जेवणानंतर ओला आवाज आल्यास भरविणे थांबवून तज्ज्ञांना दाखवावे. एका जेवणाला अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागत असेल, तर मूल व आई दोघेही थकतात आणि पोट मात्र भरत नाही. अशा वेळी थोडे थोडे अधिक वेळा देतात. अतितीव्र प्रकारात नाकातून वा पोटातून बसविलेल्या नळीने आहार देण्याचा निर्णय घ्यावा लागतो. ‘माझ्या हाताने खात नाही’ हे आईचे दुःख त्या वेळी ऐकून घेण्याइतका अवधी परिचारिकेकडे असावा.

आकडी

या बालकांपैकी मोठ्या गटाला आकडी येते. आकडीच्या वेळी बालकाला कुशीवर वळवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, वेळ पाहावी; तोंडात चमचा, बोट वा पाणी घालू नये आणि कांदा किंवा चप्पल हुंगविण्याचा काही उपयोग नाही. आकडी पाच मिनिटांहून अधिक चालल्यास रुग्णालयात न्यावे. डॉक्टरांनी नाकात मारण्याचा मिडॅझोलमचा फवारा दिलेला असल्यास तो वापरावा. औषध संपले म्हणून दोन दिवस न देणे हे आकडी पुन्हा येण्याचे नेहमीचे कारण आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील व्यवस्था

जिल्ह्यात परिचर्येच्या शिक्षणाची दोन मोठी केंद्रे आहेत : राहाता तालुक्यातील लोणी येथील प्रवरा समूहाची परिचर्या, भौतिकोपचार व वैद्यकीय महाविद्यालये आणि अहिल्यानगर शहराजवळ विळद घाटातील डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनची महाविद्यालये. दोन्ही ठिकाणी परिचर्या व भौतिकोपचार यांचे विद्यार्थी एकाच परिसरात शिकतात, ही या विषयासाठी अनुकूल बाब आहे.

जामखेडचा अनुभव याहून वेगळा आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर आणि दलित समाजातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविले. या कार्याबद्दल दोघांना १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्पाच्या कार्यशाळेत जयपूर फूट व इतर कृत्रिम साधने तयार होतात. अपंग बालकांच्या शुश्रूषेसाठी जामखेडचा धडा असा की कौशल्य लिहिता-वाचता येण्यावर अवलंबून नाही. नळी घालणे, ठेवण देणे, डोक्याचा घेर मोजणे ही कामे नीट शिकविली तर कोणतीही काळजीवाहू व्यक्ती करू शकते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांच्या घरगुती काळजीबाबत हेच दाखवून दिले. आज आशा सेविका जन्मानंतर ४२ दिवसांत घरी ज्या सहा भेटी देतात (घरी प्रसूती झाल्यास सात), त्यांमागे ते काम आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून देशभर सुरू झाला. त्यातील फिरती पथके अंगणवाड्यांतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळकरी मुलांची एकदा तपासणी करतात. तपासणीच्या स्थितींच्या यादीत मज्जानलिकेचे दोष व हालचालीतील विलंब यांचा समावेश असून, पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे.

कागदावरील या साखळीची कसोटी जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण भागात लागते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. मजुरी ‘कोयत्यावर’ म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर ठरते आणि मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. त्यामुळे आईला मागे राहण्याची मुभा क्वचितच मिळते. अपंग मूल एक तर फडाजवळच्या कोपीत बरोबर जाते किंवा गावी आजी-आजोबांकडे राहते. पहिल्या प्रकारात आई पहाटे तोडीला गेल्यावर चार तासांची नळी कोण घालणार, हात धुण्यास स्वच्छ पाणी कोठले, आकडीचे औषध परक्या तालुक्यात कोण देणार, असे प्रश्न उभे राहतात. दुसऱ्या प्रकारात ज्या आईला रुग्णालयाने सर्व शिकविले ती सहा महिने तेथे नसते.

यातून शुश्रूषेच्या नियोजनाला काही स्पष्ट नियम मिळतात. शिक्षण केवळ आईला न देता घरातील दुसऱ्या व्यक्तीलाही, शक्यतो आजीला, द्यावे लागते. भौतिकोपचाराच्या व सोनोग्राफीच्या तारखा दिवाळीपूर्वी व पाडव्यानंतर ठेवाव्या लागतात. निघताना हंगामभराची आकडीची औषधे, नळ्यांचा साठा आणि शंट, अॅलर्जी व औषधांची मात्रा लिहिलेला एक मराठी कागद सोबत द्यावा लागतो, कारण साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या डॉक्टरला त्या बालकाची अन्य कोणतीही माहिती नसते. नगरच्या तज्ज्ञाने नोंदविलेले ‘पालक उपचारांस नियमित नाहीत’ हे वाक्य अनेकदा ऊसतोडीच्या वेळापत्रकाचेच दुसरे नाव असते.

प्रतिबंध

दुभंग कण्याच्या प्रतिबंधाचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. इंग्लिश वैद्यक संशोधक लूसी विल्स यांनी १९२८ नंतरच्या काही वर्षांत मुंबईत गरोदर स्त्रियांच्या, त्यांत गिरणी कामगार स्त्रियांच्या, पांडुरोगाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बहुराष्ट्रीय चाचणीने सिद्ध केले की आधी असे मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल घेतल्यास पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटते. इतर सर्व स्त्रियांसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम ही मात्रा सुचविली जाते. पुण्यातील संशोधनाने जीवनसत्त्व ब-१२ च्या कमतरतेकडेही लक्ष वेधले आहे. मांसाहार न करणाऱ्या कुटुंबांत ही कमतरता सर्रास आढळते.

अडचण वेळेची आहे. मज्जानलिका पाळी चुकल्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांत बंद होते. उपकेंद्रात नाव नोंदवून गोळ्या मिळेपर्यंत ती घटना होऊन गेलेली असते. गरोदरपणी मिळणाऱ्या लोह-फॉलिक गोळ्या पांडुरोगासाठी आवश्यकच आहेत, परंतु दुभंग कण्यासाठी त्या उशिराच्या ठरतात. म्हणून लग्न ठरलेल्या मुलीला व दुसऱ्या मुलाचा विचार करणाऱ्या जोडप्याला ही माहिती देणे, आणि पाठीवर गाठ असलेले मूल झालेल्या मातेला पुढील गर्भधारणेपूर्वी डॉक्टरांकडे पाठविणे हे परिचारिकेचे काम ठरते. आकडीवरील व्हॅलप्रोएट हे औषध घेणाऱ्या स्त्रीला असे मूल होण्याचा धोका वाढतो. तिने औषध परस्पर न थांबविता आधीच सल्ला घ्यावा.

सेरेब्रल पाल्सीच्या बाबतीत एक गोळी नाही. रुग्णालयातील सुरक्षित प्रसूती, जन्मतः न रडणाऱ्या बाळाला तत्काळ श्वास देणे, कमी वजनाच्या बाळाला कांगारू पद्धतीने छातीशी धरणे आणि तळवे-तळपाय पिवळे दिसताच रुग्णालयात नेणे हे मार्ग आहेत. गडद कावीळ कोवळ्या उन्हात धरून उतरण्याची वाट पाहणे धोक्याचे आहे.

शिक्षण, प्रमाणपत्र व वयात येणे

मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली, तेव्हा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी देशात शाळांची सोय जवळपास नव्हती. त्यांची कन्या मालिनी चिब या स्वतः सेरेब्रल पाल्सीसह उच्चशिक्षित झाल्या व लेखिका म्हणून परिचित आहेत. बोलता न येणे म्हणजे समज नसणे नव्हे, हे त्यांच्या उदाहरणावरून पालकांना सांगता येते. चित्रांचा फलक, डोळ्यांनी दाखविणे, होकार-नकाराची ठरलेली खूण यांपासून संवादाची सुरुवात होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या अपंगत्वांत सेरेब्रल पाल्सीचा उल्लेख आहे. दुभंग कण्याचे नाव यादीत स्वतंत्रपणे नाही. त्या मुलांना चलनविषयक अपंगत्वाच्या वर्गात प्रमाणपत्र मिळते. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखालील एक लाखापर्यंतचा ‘निरामय’ आरोग्य विमा सेरेब्रल पाल्सीस लागू आहे, दुभंग कण्याला नाही. एकाच वाडीतील दोन मातांना हा भेद समजावून सांगणे अवघड जाते.

दुभंग कणा असलेल्या मुलीची शाळा सुटण्याचे कारण पुष्कळदा पायऱ्या नसून शौचालय असते. नळी घालण्यासाठी कडी असलेली खोली, पाणी व मधल्या सुट्टीतील दहा मिनिटे एवढी व्यवस्था मुख्याध्यापकांशी बोलून केल्यास ती टिकते. पाळी सुरू होण्यापूर्वीच तिला दोन्ही गोष्टी एकत्र कशा सांभाळायच्या हे शिकवितात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या व स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या मुलाच्या पालकांना त्याची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. हा अर्ज राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे करतात. समितीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती असते.